होमबिल्ट विमानाचं पॅनल : मोठी स्क्रीन गेली तर मागे काय ठेवावं?

अर्धवट_पंख
मंडळी, चार वर्षं झाली, दोन सीटचं ॲल्युमिनियमचं किट विमान गॅरेजमध्ये आकार घेतंय. शेपटी झाली, पंख झाले, कॅनपीने (वरच्या पारदर्शक झाकणाने) रडवलं, तीही झाली. आता पॅनलचा पत्रा समोर आहे आणि गेले तीन आठवडे मी त्याला एकही भोक पाडलेलं नाही. भोक एकदा पडलं की पडलं.

मधोमध १० इंची ईएफआयएस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणांची स्क्रीन ठरली आहे. वेग, उंची, हॉरायझन (विमान किती कललंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज), नकाशा, इंजिनाचे सगळे आकडे, सगळं तिच्यातच. डावीकडे ३-१/८ इंची दोन आणि सव्वादोन इंची एक, एवढ्या भोकांची जागा उरते. तिथे काय लावू? यांत्रिक एअरस्पीड इंडिकेटर (एएसआय, हवेतला वेग) आणि अल्टिमीटर (उंची)? की स्वतःची बॅटरी असलेलं एखादं छोटं इलेक्ट्रॉनिक युनिट? की काहीच नको, मांडीवर टॅबलेट पुरे?

उडणं दिवसाचं, व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून. ढगात जायचा विचार नाही. माझा एक मित्र म्हणतो, "स्क्रीन बंद पडली तर खिडकीबाहेर बघ." बायको म्हणते, "मग स्क्रीन तरी कशाला घेतोस?" दोघांचंही पटतं, म्हणून हा धागा.

शंकासुर
आधी एक सांगा. ढगात जाणार की नाही? "विचार नाही" हे उत्तर धरत नाही. विचार कोणाचाच नसतो.

रिव्हेट_राव
यांत्रिक एएसआय, यांत्रिक अल्टिमीटर, होकायंत्र. विषय संपला.

बरं, संपला नसेल तर ऐका. माझ्याही विमानात एकच स्क्रीन आहे. पहिल्या चाळीस तासांत ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा पाप माझंच. ग्राउंडच्या वायरचं क्रिंप (टोकाची दाबून केलेली जोडणी) घाईत केलेलं, इंजिनाच्या थरथरीने सैल झालं. पहिल्या वेळी जमिनीवरच गेली, म्हणून मी दोन-चार वायरी हलवून बघितल्या, ती चालू झाली, मी खूश. दुसऱ्या वेळी उतरण्याआधीच्या बेस लेगवर वळता वळता गेली. इतकी काळी झाली की तिच्यात माझाच चेहरा दिसला. डोळे आपोआप डावीकडे गेले, काटा ७० नॉटवर होता, उतरलो. खाली आल्यावर पाय कापत होते हे वेगळं.

त्या दोन डबड्यांना ना वायर लागते, ना सॉफ्टवेअर, ना अपडेट.

लँडिंग_लाईट
"दोन-चार वायरी हलवून बघितल्या" ही आमच्याकडची अधिकृत दुरुस्ती पद्धत आहे, तिला नावं ठेवायची नाहीत.

सोल्डरवाली
राव, तुमचं क्रिंप गेलं म्हणून काटे कामाला आले. कुंभारीण माशीने वेग मोजायला समोरची हवा घेणाऱ्या पिटो नळीत मातीचं घर केलं असतं तर? त्याच नळीला टी (तीन तोंडांचा जोड) टाकून तुम्ही स्क्रीनही जोडलीत आणि काटाही. दोघांनी एकसुरात एकच खोटं सांगितलं असतं.

एरोपेरूचं बोइंग ७५७ आठवा, २ ऑक्टोबर १९९६. विमान धुताना स्टॅटिक पोर्टांवर (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकांवर) लावलेली टेप काढायची राहिली. कॉकपिटमध्ये उपकरणांना तोटा नव्हता, पण सगळ्यांचा श्वास त्या झाकलेल्या भोकांतूनच चालायचा. रात्र, खाली समुद्र, ७० माणसं गेली. दुसरं उपकरण तिथे होतंच की. दुसरं भोक नव्हतं.

म्हणून अर्धवट_पंख, कॅटलॉग मिटा आणि एक कागद घ्या. आडव्या ओळीत उपकरणं लिहा. उभ्या ओळीत काय काय बिघडू शकतं ते: अल्टरनेटर, मुख्य बॅटरी, ग्राउंड, पिटो, स्टॅटिक, मॅग्नेटोमीटर (दिशेचा सेन्सर), जीपीएस अँटेना, सॉफ्टवेअर. मग प्रत्येक ओळीत काय मरतं त्यावर फुली मारा. ज्या ओळीत सगळ्यांवर फुली येते तिथे तुमचं भोक आहे, पत्र्यात नाही.

अर्धवट_पंख
सोल्डरवाली, काल रात्री बसून केलं. दोन यांत्रिक काटे लावले तरी पिटोच्या आणि स्टॅटिकच्या ओळीत फुल्याच फुल्या. आणि एक नवीन कळलं: माझ्या स्क्रीनचं एएचआरएस, म्हणजे विमानाचा कल मोजणारं युनिट, हॉरायझन सावरायला हवेतल्या वेगाची मदत घेतं. म्हणजे पिटो तुंबली तर वेग तर जाणारच, वर हॉरायझनही कमकुवत होणार. जीपीएसचा वेग घेऊन ते तगून राहतं असं मॅन्युअल म्हणतं, पण ती ओळ वाचून झोप उडाली. मग दुसरी पिटो नळी लावू का?

सोल्डरवाली
दिवसाच्या व्हीएफआरला दुसरी पिटो मी लावणार नाही. पिटोवर टोपी घालायची, टोपीला लाल फीत लावायची, उडण्याआधी ती काढायची. मात्र काय झाल्यावर काटा कसा वागतो हे पाठ हवं. पिटोचं तोंड बंद आणि पाण्याचं भोक उघडं, तर वेग शून्यावर येतो. दोन्ही बंद, तर एएसआय अल्टिमीटरसारखा वागायला लागतो: वर चढाल तसा वेग वाढलेला दाखवतो. माणूस नाक आणखी वर करतो आणि स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल तुटते.

स्टॅटिक तुंबली तर उंची गोठते. चढताना वेग कमी दिसतो, उतरताना जास्त. उतरतानाचा हा जास्त दिसणारा वेग फार वाईट, कारण तो माणसाला निवांत करतो.

जुनी_पकड
बाळांनो, स्टॅटिकचा तोडगा सोपा आहे. नळीत एक टी आणि पॅनलखाली एक छोटा व्हॉल्व, कॉकपिटातली हवा घेणारा. याला अल्टरनेट स्टॅटिक म्हणतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा सहसा थोडा कमी असतो, त्यामुळे उंची आणि वेग दोन्ही जरा जास्त दिसतात. किती जास्त ते चांगल्या हवेत उडून, व्हॉल्व उघडून, कागदावर लिहून ठेवायचं. खिडकी उघडी, बंद, हीटर चालू, तिन्ही वेळा वेगळं येतं.

आमच्या काळी हा व्हॉल्व नसला तर वैमानिकाला सांगायचे, व्हीएसआयची (चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या डायलची) काच फोड, तिथून हवा जाईल. आता तुमच्या १० इंची स्क्रीनची काच फोडलीत तर फक्त बोट कापेल.

आणखी एक. जोडणी झाली की गळती बघा. पण नळी तोंडात धरून फुंकायचं नाही. एएसआयच्या आतली कॅप्सूल नाजूक असते, पोरं जोरात फुंकतात आणि काटा वाकडा करून बसतात. पारदर्शक नळीचा यू करा, रंगीत पाणी भरा. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत १०० नॉट म्हणजे साधारण साडेसोळा सेंटिमीटर पाणी आणि ६० नॉट म्हणजे जेमतेम सहा सेंटिमीटर. सावकाश दाब द्या, काटा कुठे थांबतो बघा, मग नळी चिमटून एक मिनिट थांबा. काटा घसरला तर कुठेतरी गळतंय. जुन्या बाजारातला एएसआय घेणार असाल तर ही परीक्षा आधी, पैसे नंतर.

लँडिंग_लाईट
जुनी_पकड काका, सहा सेंटिमीटर पाण्याच्या भरवशावर आपण जमिनीवर उतरतो हे वाचून मी आता उडणार नाही.

उनाड_वारा
मी ग्लायडरवाला, त्यामुळे सगळी चर्चा जरा लांबून बघतोय. आमच्या प्रशिक्षकाने पहिल्याच महिन्यात एएसआयवर कागद चिकटवून उतरायला लावलं होतं. कॅनपीवरची हवा कशी वाजते, नाक क्षितिजाच्या किती खाली आहे आणि स्टिक किती जड लागते, एवढ्यावर वेग पाच-सात नॉटच्या आत सांगता येतो. कॅनपीवर समोर लोकरीचा एक धागा चिकटवा, तुमचा आडवी घसरण दाखवणारा बॉल गेला तरी ती दिसेल. लोकर कधी रीबूट होत नाही.

स्क्रीन गेली? ठरलेली पॉवर, ठरलेलं नाक. प्रत्येक विमानाचे आकडे असतात, आपल्या विमानाचे आधीच लिहून ठेवा.

रिव्हेट_राव
उनाड, तुझ्या ग्लायडरात वारा वाजतो ते ऐकू येतं. माझ्यापुढे १६० अश्वशक्तीचं इंजिन बोंबलत असतं आणि कानावर हेडसेट.

उनाड_वारा
मग नाक तरी दिसतं ना?

रिव्हेट_राव
तेवढं दिसतं.

शंकासुर
नाक दिसेल, पण क्षितिज दिसलं तर. माझा प्रश्न अजून तिथेच आहे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने एक प्रयोग केला होता. उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेले २० जण घेतले आणि त्यांना बाहेरचं काही दिसू दिलं नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटांना दोन कमी. १९ जण फिरत्या सर्पिलात गेले आणि एकाने नाक वर नेऊन स्टॉल केला. त्यामुळे "दिवसा, व्हीएफआर" म्हणणाऱ्यालाही एक हॉरायझन असा हवा की जो मोठी स्क्रीन गेल्यावर जिवंत राहील.

उनाड_वारा
आणि मी त्याच प्रयोगावरून नेमकं उलटं म्हणतो. हॉरायझनचा बॅकअप असला की माणूस ढगाच्या जवळ जातो. "काय होतंय, दुसरा आहे ना!" तो नसला की लांबूनच मागे फिरतो.

शंकासुर
या न्यायाने हेल्मेटही काढा.

उनाड_वारा
हेल्मेट घालून जोरात चालवणारे बघितले नाहीत का तुम्ही?

(यानंतर आठ प्रतिसाद हेल्मेटवर झाले, ते संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

जुनी_पकड
हॉरायझनवरून सांगतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या जायरोच्या, म्हणजे आत भिंगरी फिरणाऱ्या हॉरायझनच्या, नादी लागू नका. कोरड्या व्हॅक्यूम पंपात कार्बनची पाती असतात, ती झिजतात आणि एक दिवस न सांगता तुटतात. पंप मेला तरी जायरो लगेच थांबत नाही, फिरत फिरत हळूहळू कलंडतो. स्क्रीन काळी होते तेव्हा निदान कळतं तरी. हा सभ्यपणे खोटं बोलत राहतो. मी स्वतः असे कितीतरी पंप उघडलेत, आत नुसती काळी पूड.

मागची_सीट
इथे मूळ प्रश्नाची दुसरी बाजू राहून जातेय असं वाटतं. दोन उपकरणं वेगवेगळं सांगायला लागली तर विश्वास कोणावर ठेवायचा?

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं ७४७, "सम्राट अशोक", मुंबईहून रात्री निघालं. समोर अंधारा समुद्र, क्षितिज नाही. उजवीकडचं वळण संपवून विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचा हॉरायझन अजून उजवीकडे कललेलंच दाखवत राहिला. तो खरा मानून त्यांनी विमान डावीकडे कलवलं आणि कलवतच नेलं. २१३ माणसं गेली. सहवैमानिकाचा हॉरायझन होता, तिसरा स्टँडबायही होता.

आणि हे फक्त जुन्या जायरोंचंच दुखणं नाही. ८ जानेवारी २०१६ ला वेस्ट एअर स्वीडनचं टपाल नेणारं सीआरजे विमान रात्री पडलं. डावीकडच्या स्क्रीनने नाक वर चाललंय असं खोटंच दाखवलं, वैमानिकाने नाक खाली दाबलं. उजवी स्क्रीन आणि स्टँडबाय दोन्ही बरोबर होते. सगळा खेळ दीड मिनिटाच्या आत आटोपला.

म्हणून माझं म्हणणं असं की बॅकअप कुठे लावता हे कोणता लावता याइतकंच महत्त्वाचं. पॅनलच्या उजव्या कोपऱ्यात लावलेला बॅकअप कोणी बघत नाही. मुख्य स्क्रीनच्या शेजारी, डोळ्यांच्या रेषेत हवा. आणि रोज बघायची सवय हवी. बिघाड झाल्यावर पहिल्यांदा बघितलं की माणूस ओळखीच्याच उपकरणावर विश्वास ठेवतो.

सोल्डरवाली
मागची_सीट, शंभर टक्के. त्यात भर घालते. मोठ्या स्क्रीनच्या कंपनीचंच छोटं युनिट घेतलं तर जोडणी सोपी जाते, डेटाची तार टाकली की सेटिंगही एकमेकांना कळतं. पण मग सॉफ्टवेअरची ओळ सामायिक होते. मी मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं घेतलं आणि त्या दोघांमध्ये एकही तार ठेवली नाही. उंचीचं प्रेशर सेटिंग दोन ठिकाणी हाताने करावं लागतं, दर वेळी वैतागते. पण दोन्ही जुळवताना दोन्हींकडे बघणं आपोआप होतं.

डायोड_दादा
सगळे हॉरायझनवर भांडताय, विजेचा हिशोब कोणी केलाच नाही.

गार्मिन जी५ सारखी युनिटं ३-१/८ इंची भोकात बसतात आणि त्यांची बॅकअप बॅटरी नवी असताना ४ तासांपर्यंत चालते. उत्तम. पण ती "नवी असताना". दर वर्षी तपासणीच्या वेळी मुख्य वीज बंद करून युनिट मरेपर्यंत घड्याळ लावून बसायचं आणि आकडा लॉगबुकात लिहायचा. चालू करून "दिसतंय" म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे.

मुख्य बॅटरीचंही तेच. १६ अँपिअर-तासाची असेल तर तीन-चतुर्थांश धरा, म्हणजे १२. अल्टरनेटर गेल्यावर अत्यावश्यक बसवर (फक्त गरजेच्या उपकरणांच्या वीजवाहिनीवर) ५ अँपिअरचा भार ठेवलात तर सव्वादोन तासांच्या वर मिळतात. सगळं चालू ठेवून १५ अँपिअर ओढलेत तर पाऊण तासात अंधार.

आणि अर्धवट_पंख, तुमच्या इंजिनाचं इग्निशन कसलं? मॅग्नेटो (ठिणगीची वीज स्वतःच बनवणारा) असेल तर वीज गेली तरी पंखा फिरतो. दोन्ही इग्निशन इलेक्ट्रॉनिक आणि बॅटरीवरची असतील, वर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनही असेल, तर बॅकअप एएसआय हा तुमचा शेवटचा प्रश्न आहे. आधी इंजिनाला दुसरी बॅटरी द्या.

अर्धवट_पंख
एक मॅग्नेटो, एक इलेक्ट्रॉनिक. हुश्श.

लँडिंग_लाईट
टॅबलेटबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मीच. उन्हाळ्यात कॅनपीखाली टॅबलेट "तापमान जास्त आहे" म्हणून संप करतो. तोही नेमका उतरताना. बाकी नकाशाला झकास. आणि त्यावरचा वेग जमिनीवरचा असतो हे विसरू नका. मागून १५ नॉटचा वारा असताना त्याच्यावर भरवसा ठेवून मी एकदा फार हळू गेलो होतो. पुढचं सांगत नाही.

रिव्हेट_राव
सांग ना.

लँडिंग_लाईट
नाही.

अर्धवट_पंख
होकायंत्राचं काय करू? कॅनपीची पुढची कमान स्टीलची आहे. तिथे टांगून बघितलं तर उत्तरेला ते ३० अंश भलतीकडेच दाखवतं.

जुनी_पकड
कमान वेल्डिंगमध्ये चुंबकीय झाली असणार. डीगॉस करून, म्हणजे चुंबकत्व काढून घ्या, फरक पडेल. नाहीतर पॅनलच्या वर मधोमध, स्टीलपासून शक्य तितकं लांब. डेव्हिएशन कार्ड (होकायंत्र कुठे किती चुकतं त्याची नोंद) भरताना इंजिन चालू, रेडिओ चालू, दिवे चालू. बंद विमानात भरलेलं कार्ड बंद विमानालाच उपयोगी. आणि हेडसेट काढून ग्लेअरशील्डवर (पॅनलच्या वरच्या झापेवर) ठेवू नका, त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

अर्धवट_पंख
पंधरा दिवस गायब होतो, माफी. सगळ्यांचं वाचून पुठ्ठ्याचं पॅनल कापलं, उपकरणांचे गोल छापून चिकटवले आणि विमानात बसून बघितलं. दोन गोष्टी कागदावर कधीच कळल्या नसत्या. उशी घेऊन बसलो की ग्लेअरशील्ड वरच्या डायलचा वरचा भाग झाकतं. आणि खालच्या भोकात यांत्रिक अल्टिमीटर बसतच नाही, त्याच्या बुडाचं फिटिंग मागच्या बरगडीला लागतं.

तर ठरलं ते असं. वरचं भोक एक इंच खाली घेऊन तिथे छोटं इलेक्ट्रॉनिक युनिट, दुसऱ्या कंपनीचं, स्वतःच्या बॅटरीचं, स्क्रीनला अगदी खेटून. त्याच्या डावीकडे यांत्रिक एएसआय. यांत्रिक अल्टिमीटर नाही. अल्टरनेट स्टॅटिकचा व्हॉल्व आहे, छोट्या युनिटवर उंची दिसते, आणि तेही गेलं तर टॅबलेटवरची जीपीएस उंची मला धावपट्टीभोवतीचं सर्किट उडायला पुरेल. होकायंत्र पॅनलच्या वर, कमानीपासून लांब. सव्वादोन इंची भोक सध्या पाडतच नाही.

उनाड_वारा, लोकरीचा धागाही लावणार आहे. लाल.

रिव्हेट_राव
अल्टिमीटर नाही?! अरे सव्वादोन इंची अल्टिमीटर मिळतो की. बरगडीला लागणार नाही तो.

सोल्डरवाली
त्याच स्टॅटिकवर ना?

रिव्हेट_राव
त्याच स्टॅटिकवर. पण वीज लागत नाही.

सोल्डरवाली
बरं, ते खरं. दोन्ही बॅटऱ्या आणि टॅबलेट एकदमच गेल्याची ओळ लिहा मग तक्त्यात.

रिव्हेट_राव
लिहितो. माझं क्रिंप बघितलंय का तुम्ही?

शंकासुर
आणि ढग?

अर्धवट_पंख
उपकरणांवर उडायचे दहा तास शिकवणीचे घेतोय, छोट्या युनिटसारखंच युनिट असलेल्या विमानात. फक्त मागे फिरण्यापुरते. मोठी स्क्रीन पूर्ण वेळ झाकून ठेवायची असं प्रशिक्षकाला आधीच सांगितलंय.

शंकासुर
आता कसं!

अर्धवट_पंख
पहिलं भोक पाडलं. एक सोळांश इंच डावीकडे सरकलंय. कोणी विचारलं तर डिझाईन.

लँडिंग_लाईट
आमच्याही सगळ्या विमानाचं डिझाईनच आहे.